सगळ्या गाड्यांना एकच इंजिन: माझदाची रोटरी आणि 1973 नंतरची पाच वर्षं

1975 हे वर्ष हिरोशिमाला दोन कारणांनी लक्षात राहिलं. त्या ऑक्टोबरात शहराच्या बेसबॉल संघाने, हिरोशिमा तोयो कार्पने, पहिल्यांदाच सेंट्रल लीग जिंकली. आणि संघाच्या नावातलं ‘तोयो’ ज्या कंपनीचं, त्या तोयो कोग्योने त्याच आर्थिक वर्षात सुमारे 17 अब्ज येनचा तोटा दाखवला. संघाचे मालक आणि कंपनीचे अध्यक्ष एकच, कोहेई मात्सुदा. एका हाताने करंडक घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने बँकेच्या कागदांवर सह्या करायच्या, असं ते वर्ष गेलं.

तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा. कंपनीने हे नाव अधिकृतपणे 1984 मध्ये घेतलं, पण तिच्या वाहनांवर ते 1931 पासून होतं. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची शाळेची बस किंवा छोटा ट्रक डोळ्यांसमोर येतो. तो करार पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर ऐंशीच्या दशकात झाला होता. माझदाच्या मोटारी मात्र भारतात कधी अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे आखातात किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या मराठी माणसाला माझदा 3 किंवा सीएक्स-5 तिथे गेल्यावरच कळते, आणि ‘गाडी चालवायला मजा येते’ हा तिच्याबद्दलचा सर्वांत जास्त ऐकू येणारा शेरा असतो. या लौकिकाची मुळं बरीचशी त्या तोट्याच्या वर्षांत आहेत.

हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गांत बहुतेक वेळा ‘बँकेने वाचवलेली कंपनी’ म्हणून शिकवलं जातं, आणि मोटारवेडे लोक ‘हट्टी इंजिनिअरांची विजयगाथा’ म्हणून सांगतात. दोन्ही खरं आहे. माझ्या मते मात्र सगळ्यात महत्त्वाचा निर्णय याहून साधा होता: रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं इंजिन, कोणत्या गाडीत घालायचं आणि कोणत्या गाडीत नाही.

रोटरी घेतली कशासाठी

कंपनी 1920 साली बुचाच्या मालाची म्हणून सुरू झाली. 1921 पासून जुजिरो मात्सुदांनी ती सांभाळली आणि 1931 मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी काढली. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा कारखाना शहराबाहेर फुचूला होता आणि मधे हिजियामाची टेकडी होती, म्हणून इमारती टिकल्या. जिल्ह्याचं सरकारी कामकाज काही काळ तिथूनच चाललं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनू लागली.

1960 च्या सुमाराला जपानच्या वाणिज्य खात्याच्या डोक्यात मोटार कंपन्यांची संख्या कमी करण्याचा विचार घोळत होता. लहान कंपन्यांनी टोयोटा-निसानसारख्या मोठ्यांच्या पदराखाली जावं, असा त्याचा अर्थ. जुजिरोंचा मुलगा त्सुनेजी तेव्हा अध्यक्ष होता. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हातात असेल तरच आपण स्वतंत्र राहू, हा त्याचा हिशेब. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पिस्टनविरहित इंजिन जाहीर केल्यावर त्सुनेजी तिच्या गावी, नेकार्सुल्मला, गेला आणि परवान्याचा करार करून आला. जपान सरकारने 1961 मध्ये त्याला मंजुरी दिली. थोडक्यात, इंजिन चांगलं आहे म्हणून घेतलेलं नव्हतं. आपलं वेगळेपण राखण्यासाठी घेतलं होतं, आणि पुढच्या चुकांचं बीज इथेच पडलं असं मला वाटतं.

हातात आलेलं इंजिन अर्धवट होतं. मधे किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तीन टोकं भिंतीला सतत घासत राहतात, आणि टोकाटोकांवर बसवलेल्या सीलच्या पट्ट्या वायू अडवतात. थोड्याच तासांत या पट्ट्या थरथरायला लागायच्या आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या भिंतीवर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा उमटायच्या. हिरोशिमात त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. 1963 मध्ये केनिची यामामोतोंच्या हाताखाली 47 इंजिनिअरांचा विभाग स्थापन झाला. युद्ध संपल्यावर यामामोतोंनी याच कारखान्यात साधा कामगार म्हणून सुरुवात केली होती. पट्टीला आतून छेद देऊन तिची कंपनं बदलायची, आणि शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी वापरायची, या वाटेने ते सुटले. 30 मे 1967 ला कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली: दोन रोटर, प्रत्येकी 491 सीसी, 110 अश्वशक्ती. 1972 पर्यंत हाताने जोडलेल्या या गाड्या हजार-बाराशेच निघाल्या. ज्यांना मिळाल्या त्यांनी एकच गोष्ट सांगितली: इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. विचित्र इंजिन, विचित्र गाडी, हौशी मालक.

धूर कमी, पेट्रोल जास्त

1970 मध्ये माझदा अमेरिकेत उतरली. त्याच वर्षी तिथे स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि डेट्रॉइटच्या कंपन्या ‘हे जमणार नाही’ म्हणून ओरडू लागल्या. रोटरीच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड मुळात कमी. तिची अडचण न जळलेल्या इंधनाची. त्यावर माझदाने थर्मल रिॲक्टर नावाची सोय केली: एक्झॉस्टच्या तोंडाशी एक जाड भट्टी, तिच्यात बाहेरची हवा सोडायची आणि उरलेलं पेट्रोल तिथे जाळून टाकायचं. 1973 च्या सुरुवातीलाच माझदाने 1975 साठी ठरलेली धुराची मर्यादा पाळून दाखवली. होंडा वगळता एवढ्या लवकर हे कुणालाच जमलं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये कौतुक झालं. जनरल मोटर्सने तर रोटरीच्या परवान्यासाठी आधीच 5 कोटी डॉलर मोजले होते.

पण ती भट्टी धगधगती ठेवायची तर तिला जळायला काहीतरी द्यायला हवं. म्हणजे इंजिनात मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडायचं, आणि ते चाकांच्या कामी न येता नळीत जळणार. त्यात रोटरीची ज्वलनाची जागा लांबट, पसरट आणि सरकती. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, तशी ज्वाळेची उष्णता भिंतींत निघून जाते. म्हणजे इंजिन मुळातच खादाड, आणि धुराच्या परीक्षेत पास होण्यासाठी त्याला आणखी भरवलेलं. ज्या गुणासाठी शाबासकी मिळाली, त्याचंच बिल ग्राहकाला पंपावर भरावं लागत होतं.

तरी 1973 च्या ऑक्टोबरपर्यंत कुणाला त्याची फिकीर नव्हती. पेट्रोल स्वस्त होतं, आरएक्स-2 आणि आरएक्स-3 या माझदाच्या रोटरी मोटारी आपल्या किमतीच्या मानाने झपकन पळत होत्या, आणि त्या एका वर्षात अमेरिकेतली विक्री लाखाच्या पुढे गेली. मग अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाचा भाव साधारण 3 डॉलरवरून जानेवारी 1974 पर्यंत 11 डॉलरच्या पुढे गेला. पंपांवर रांगा लागल्या. नेमक्या याच काळात अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या चाचणीतले आकडे लोकांसमोर आले: शहरात माझदाची रोटरी गॅलनला 10-11 मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास. मोठ्या व्ही-8 इंजिनांच्या गाड्यांच्या पंगतीत ही छोटी जपानी गाडी जाऊन बसली.

कंपनीने काय केलं? चाचणीची पद्धत चुकीची आहे, असा वाद घातला. प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी याहून बरी चालते, हे म्हणणं पूर्ण खोटंही नव्हतं. प्रयोगशाळेतला शहरी फेरा थंड इंजिनाने सुरू व्हायचा आणि रोटरी थंड असताना सर्वांत जास्त पिते. पण ज्याच्याकडे गाडी आहे त्याला प्रयोगशाळेशी काय देणंघेणं? ‘एव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे शोरूममध्ये पाय ठेवताच विचारला जातो. अमेरिकन माणसाने तो आयुष्यात पहिल्यांदा त्या हिवाळ्यात विचारला, आणि त्याच्या टाकीने त्याला उत्तर दिलेलं होतं. तक्रार आकड्याविरुद्ध करण्यात हिरोशिमाने मोलाचे महिने घालवले.

कोहेईंचा अंदाज

त्सुनेजी 1970 मध्ये वारले आणि मुलगा कोहेई गादीवर आला. त्याचं धोरण एका वाक्यात सांगता येईल: रोटरी सगळीकडे. छोट्या सलूनमध्ये, मोठ्या सलूनमध्ये, स्टेशन वॅगनमध्ये. 1974 मध्ये, पंपावर रांगा लागलेल्या असताना, अमेरिकेसाठी रोटरीचा पिकअप ट्रक आला. त्याच वर्षी जपानात 26 आसनी पार्कवे बस रोटरीवर आली. आणि 1975 मध्ये रोडपेसर.

रोडपेसरपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण या प्रकरणातला सगळा घोळ त्या एका गाडीत दिसतो. कंपनीकडे बड्या साहेबांसाठी मोठी गाडी नव्हती. म्हणून ऑस्ट्रेलियाहून होल्डन कंपनीच्या मोठ्या सलूनचं धूड आणलं आणि त्यात 13बी हे माझदाचं रोटरी इंजिन बसवलं. होल्डनमध्ये मुळात बसे ते मोठं पिस्टन इंजिन, खालच्या फेऱ्यांवरच, म्हणजे हळू फिरतानाच, ओढणारं. रोटरीचं सगळं बळ वरच्या फेऱ्यांत, तिला पळवावं लागतं. दीड टनाची गाडी, ऑटोमॅटिक गिअर, मागे बसलेला साहेब आणि पुढे बिचारा ड्रायव्हर इंजिन रडवत सिग्नलवरून निघतोय. रोटरीचा एक खरा गुण, हलकेपणा, इथे कुचकामी. आणि प्रत्येक दोष दुप्पट. जेमतेम 800 गाड्या खपल्या.

या दोन वर्षांत इतर सगळे शहाणे होत गेले. जनरल मोटर्सने 1974 मध्ये रोटरी बासनात गुंडाळली. निसाननेही माघार घेतली. फ्रान्सच्या सित्रोएनने विकलेल्या रोटरी गाड्या मालकांकडून परत घ्यायला सुरुवात केली. एनएसयू तर रो 80 या आपल्या रोटरी मोटारीच्या वॉरंटीच्या दाव्यांनी आधीच खंगून फोक्सवॅगनच्या पोटात गेली होती. हिरोशिमात मात्र उत्पादन कमी करायला उशीर झाला आणि न विकलेल्या गाड्यांनी अंगणं भरली.

एव्हरेजच्या जोडीला दुसरी तक्रारही होती. सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांत पाणी अडवणारी रबरी कडी उष्णतेने जायची आणि रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरायचं. त्यावर इंजिन खोलण्यावाचून इलाज नसे, आणि रोटरी खोलणारा मेकॅनिक लहान गावांत कुठून मिळणार? डीलरने इंजिन बदलून दिलं तरी माणसाच्या मनात एकदा बसलं की जुनी गाडी विकतानाही भाव पडतो. गाडी आवडली होती, असं हेच मालक सांगत. पुन्हा मात्र घेणार नाही, असंही.

बँक आली

सुमितोमो बँकेने कंपनीला पाठीशी घातलं. पण फुकट नाही. बँकेची माणसं वरच्या जागांवर बसली. त्यातले त्सुतोमु मुराई पुढे असाही बिअर सावरणारे म्हणून जास्त प्रसिद्ध झाले. समूहातल्या कंपन्या गाड्या घेताना माझदाला झुकतं माप देऊ लागल्या. हिरोशिमातल्या व्यापाऱ्यांनी गावची कंपनी म्हणून माझदाच घ्यायची, अशी मोहीम काढली. 1977 च्या डिसेंबरात कोहेई अध्यक्षपदावरून उतरले आणि तीन पिढ्यांची मात्सुदांची सत्ता संपली. योशिकी यामासाकी आले.

कामगारांना काढायचं नाही, असं ठरलं. निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि 1975 पासूनच्या काही वर्षांत सुमारे 5000 कारखाना कामगारांना डीलरांकडे गाड्या विकायला धाडलं. तेव्हा जपानात मोटार घरोघर जाऊन विकली जायची. काल लेथवर उभा असलेला माणूस आज कोट घालून टोकियोच्या गल्लीत अनोळखी दारावरची घंटी दाबतोय, ही कल्पना करून पाहा. घर हिरोशिमाला, नोकरी शेकडो किलोमीटर दूर. या प्रयोगाचं नंतर फार गुणगान झालं; मला ते जरा जास्तच वाटतं. ज्यांना जावं लागलं त्यांच्यासाठी ती शिक्षाच होती, फक्त नोकरी शाबूत ठेवणारी. पण एक खरं: ज्यांनी इंजिन जोडलं होतं त्यांनाच ते ‘पितं फार’ हे ग्राहकाच्या तोंडून ऐकावं लागलं.

इकडे यामामोतोंच्या विभागाने ‘फिनिक्स’ नावाने काम हाती घेतलं. लक्ष्य: इंधनाची बचत 40 टक्के. भट्टीला येणारी हवा एक्झॉस्टच्याच उष्णतेने आधी तापवून घेतली, की भट्टी पातळ मिश्रणावरही पेटती राहते आणि जास्तीचं पेट्रोल ओतावं लागत नाही. सीलची गळती कमी केली. लक्ष्य गाठलं गेलं. भट्टीला रजा देऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र पुढे 1981 च्या सुमाराला आला.

इंजिन सुधारलं म्हणून कंपनी तरली का? फक्त तेवढ्याने नाही. 1977 मध्ये नवी फामिलिया आली, साध्या पिस्टन इंजिनाची, कमी पिणारी, रोजच्या वापराची. तिने रोजची चूल पेटती ठेवली. 1980 च्या पुढच्या फामिलियाला तर जपानचा पहिला ‘कार ऑफ द इयर’ मान मिळाला. आणि रोटरी? ती 1978 च्या मार्चमध्ये एका नव्या, बुटक्या, दोन दारांच्या गाडीत दिसली. आरएक्स-7. वजन टनभर, इंजिन 1146 सीसीचं 12ए, पुढच्या चाकांच्या मागे आत ढकलून बसवलेलं, कारण ते तेवढं लहान होतं. अमेरिकेत किंमत 7000 डॉलरच्या आतून सुरू. डीलरांकडे रांगा लागल्या. 1979 मध्ये फोर्डने 25 टक्के हिस्सा घेतला तो अशा कंपनीत.

गंमत अशी की एव्हरेजच्या बाबतीत आरएक्स-7 काही कुणाचं पारणं फेडणारी नव्हती. पण स्पोर्ट्स कार घेणारा माणूस तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. रोडपेसरमध्ये जे दोष वाटले ते इथे स्वभाव ठरले. इंजिन वर फिरवावं लागतं? त्यासाठीच तर घेतली. आवाज जाणवत नाही म्हणून फेऱ्या मर्यादेपलीकडे जातात? मग सावध करणारा बझर बसवा. मालकांना तो बझरही आवडला. तीन पिढ्यांत, 2002 पर्यंत, 8 लाखांहून जास्त आरएक्स-7 बनल्या.

मालकांनी शिकलेले नियम

जी माणसं आजही रोटरी पाळतात त्यांच्या बोलण्यात काही गोष्टी हमखास येतात. थंड इंजिन चालू करून गाडी अंगणातून दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि पुढच्या वेळी ती चालू होत नाही. मग आरएक्स-8, म्हणजे आरएक्स-7 नंतरची रोटरी गाडी, असेल तर ॲक्सिलरेटर तळाला टेकवून स्टार्टर मारायचा. पेडल तळाला असलं की इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. नुसती गाडी धुवायला हलवायची तरी आधी इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं. दर एक-दोन टाक्यांमागे डिपस्टिक बघायची, कारण सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं थोडं ऑइल जाळतं. ऑइल कमी झालं म्हणून गळती शोधत बसायचं नाही. इंजिन तापलं की अधूनमधून लाल रेघेपर्यंत न्यायचं, म्हणजे काजळी साचत नाही. आणि जुनी घेताना रोटरीसाठीच्या वेगळ्या यंत्रावर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यायचं: प्रत्येक रोटरच्या तीन बाजू, तीन आकडे, आणि त्यांतला एकही फार खाली नको.

दोन-तीन आठवडे गाडी वापरणाऱ्या बायकोला किंवा भावाला हे सगळं समजावून सांगा आणि बघा. रोजच्या गाडीच्या मालकाकडून अशी निगा अपेक्षित धरणं, हीच 1974 ची चूक होती.

माझदाने ती 2003 मध्ये निम्म्याने पुन्हा केली. आरएक्स-8 ला चार दारं, मागे माणसं बसतील एवढी जागा, म्हणून ती कुटुंबाची गाडी म्हणूनही विकली गेली. मुलाला शाळेत सोडून घरी येणारे छोटे फेरे, थंड इंजिन, कमी ऑइल. प्लग भिजले, कॉइल गेल्या, कॉम्प्रेशन पडलं. अमेरिकेत कंपनीला इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. याच गाडीबद्दल दोन मालकांना विचारलं तर एक म्हणतो स्टिअरिंग एवढं जिवंत दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळत नाही, दुसरा म्हणतो पुन्हा नाव काढू नका. दोघांच्या पार्किंगमधली गाडी एकच असते. वापर वेगळा असतो. युरोपच्या धुराच्या नियमांमुळे तिथली विक्री आधीच थांबली आणि 2012 मध्ये उत्पादन बंद झालं.

मधे 1991 मध्ये फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या 787बीने जिंकली. एखाद्या जपानी कंपनीने ती पहिल्यांदाच जिंकली होती. त्या वर्षांत शर्यतीतल्या गाड्यांना इंधन मोजून मिळत असे, हा त्यातला मजेचा भाग. 1974 मध्ये ज्याला अधाशी म्हटलं गेलं, त्या इंजिनाने मोजून दिलेल्या पेट्रोलवर जग्वार आणि मर्सिडीजला मागे टाकलं.

2023 मध्ये रोटरी पुन्हा विक्रीला आली, एमएक्स-30 आर-ईव्ही या विजेवर चालणाऱ्या गाडीमध्ये: 830 सीसीचा एकच रोटर, चाकांशी थेट संबंध नाही, बॅटरी संपत आली की फक्त जनरेटर म्हणून फिरायचं. लहान आणि हलकं असल्यामुळे मोटरशेजारी मावतं, ठरावीक फेऱ्यांवर चालतं, आणि थंड सुरू करून लगेच बंद करण्याची भानगड गाडीचा संगणकच सांभाळतो. जुन्या आरएक्स मालकांना यात राम वाटत नाही. चाकाला न जोडलेली रोटरी कसली रोटरी, असं ते म्हणतात. 2024 च्या फेब्रुवारीत कंपनीने रोटरीच्या विकासाचा वेगळा गट पुन्हा उभा केला. त्यात 36 इंजिनिअर होते, आणि त्यांच्यापुढचं काम जुनंच: धुराचे नियम.